घाटात गार, जेव्हीएलआरला गरम : गाडीचं हे काय गौडबंगाल?

विक्रोळीकर

मंडळी, गाडीवाल्यांची मदत हवी आहे. माझी हॅचबॅक आहे, पेट्रोल आणि वर बाहेरून बसवलेला सीएनजी किट, वय झालंय पण आजवर तिने कधी त्रास दिला नाही. या उन्हाळ्यात मात्र नवीन नाटक सुरू झालंय. सकाळी अंधेरीला जाताना जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) गांधीनगर सिग्नलपासून आयआयटीपर्यंत जे काही उभं राहावं लागतं त्यात तापमानाचा काटा हळूहळू मध्याच्या वर सरकायला लागतो, पुढे जरा रस्ता मोकळा मिळाला की आपला आपण खाली. आणि गंमत म्हणजे याच गाडीने नुकतेच चार माणसं आणि सामान घालून लोणावळ्याला गेलो, पहाटे निघालो होतो, अख्खा बोरघाट चढलो, काटा जागचा हलला नाही!

तीन ठिकाणी दाखवलं. सोसायटीसमोरचा गॅरेजवाला म्हणतो, "थर्मोस्टॅट वॉल निकाल देते है साहब, मुंबई में उसका काम ही क्या." (म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप.) दुसरा म्हणाला रेडिएटर चोक आहे, ॲसिड मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. तिसरं मोठं सर्व्हिस सेंटर (नाव घेत नाही), त्यांनी रेडिएटर, वॉटर पंप, सगळे होज पाईप, थर्मोस्टॅट असं भलंमोठं एस्टिमेटच हातात ठेवलं. ते वाचून मीच तापलो.

त्यात घरी वडील. "आम्ही फियाटला जन्मभर नळाचं पाणी घातलं, कूलंट-बिलंट ही सगळी कंपन्यांची थेरं, मुंबईत काय बर्फ पडतो?"

तर प्रश्न दोन. मुंबईत कूलंटची खरंच गरज आहे का? आणि या तिघांपैकी कोणाचं ऐकू?

सुरमई_फ्राय

रुमाल टाकून ठेवते. माझ्या गाडीत तर काटाच नाहीये, सकाळी एक निळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने जातो. काटा नाही म्हणजे टेन्शन नाही असं मी धरून चाललेय :)

अण्णा_गिरगाव

वडिलांशी १००% सहमत. पद्मिनी (म्हणजे तीच फियाट) टॅक्सीवाले बघितलेत ना तुम्ही? डिकीत पाण्याचा कॅन, सिग्नलला गाडी उकळली की बॉनेट उघडायचं, फडकं टाकून झाकण फिरवायचं, पाणी ओतायचं की निघाली स्वारी. कोणाच्या बापाने कूलंट घातलं होतं? २००३ साली ताडदेव आरटीओला शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून गेली, इंजिन तापलं म्हणून नव्हे! बर्फासाठीचं औषध शिमल्याला विका म्हणावं.

चक्रम_चालक

अण्णा, सिग्नलला गाडी उकळत होती हे तुम्हीच लिहिलंत, तेही कौतुकाने :D

फोरमन_काका

डेपोच्या वर्कशॉपमध्ये नोकरी गेली माझी, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी अण्णांचं. फियाटचं इंजिन वेगळं, तुमच्या हॅचबॅकचं वेगळं. त्या काळात ब्लॉक बिडाचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा, गंजून भोक पडलं तर रेडिएटरवाला डाख लावून द्यायचा, जाळी चोक झाली तर टाकी उघडून आत सळी घालून साफ करायचा. आता रेडिएटर ॲल्युमिनियमचा, दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, पाण्याच्या वाटा बारीक. नुसतं पाणी फिरवलंत की बिडाला गंज धरतो, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तो सगळा गाळ बारीक नळ्यांत जाऊन बसतो. वॉटर पंपाच्या सीलचीही वाट लागते. कूलंटमधलं ग्लायकॉल बर्फ होऊ देत नाही हे खरं, पण मुंबईत आपल्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. आपल्याला दोन गोष्टी हव्यात, गंज थांबवणारी रसायनं आणि उकळबिंदू. निम्मं पाणी निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ डिग्रीला उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला की सव्वाशेच्या पुढे. प्रेशर कुकरचंच तत्त्व. शिट्टीचं रबर गेलं की डाळ शिजत नाही, तसं झाकणाचं रबर गेलं की कूलंट कितीही महागाचं घाला, ते लवकर उकळणार आणि रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतून बाहेर येणार. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, बदलताना तोच आकडा बघून घ्या, जास्त चांगलं म्हणून जास्त दाबाचं घेऊ नका, होज नाहीतर प्लॅस्टिकची टाकी फाटेल.

एक शंका अजून लोकांना येते, की मग शंभर टक्के कूलंटच घालू. तसंही नको. उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं. म्हणून निम्मं-निम्मं. आणि डब्यावर "रेडी टू यूज" असेल तर त्यात पाणी आधीच घातलेलं असतं, परत घालायचं नाही, हे वाचायचे कष्ट मेकॅनिकही घेत नाहीत.

आता विक्रोळीकर, तुमचा प्रश्न. तुम्ही लक्षण इतकं स्वच्छ लिहिलंय की तिघांपैकी एकालाही ते ऐकू आलं नाही याचं नवल वाटतं. उभी असताना तापते आणि पळताना गार होते, म्हणजे पाणी फिरतंय, जाळी बऱ्यापैकी मोकळी आहे, कमी पडतेय ती हवा. पळत्या गाडीला वारा समोरून मिळतो, पंख्याची गरज नसते. उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. याच्या उलट, गाडी ट्रॅफिकमध्ये ठीक पण घाट चढताना किंवा हायवेला सलग शंभरने चालवताना तापत असती तर मी म्हटलं असतं रेडिएटर चोक आहे, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, नाहीतर पंपाची पाती झिजलीत.

मला एकच सांगा, सिग्नलला उभं असताना एसीची हवा पण कोमट होते का?

सुरमई_फ्राय

काका, पितळेपर्यंत सगळं समजलं. पुढे मी शिट्टी ऐकली आणि उठून गॅस बंद करून आले.

टॉर्कवाला

काकांना +१. फक्त काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, साधारण ८० पासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच बसून राहतो, कारण तो सतत वरखाली हलला तर लोक रोज गाडी सर्व्हिस सेंटरला आणतील. म्हणजे काटा हलला तेव्हा गाडी ऑलरेडी बरीच तापलेली असते. स्टिअरिंगखाली ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरकडून माहिती घ्यायचं) सॉकेट असतं, त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल मिळतो (ईएलएम ३२७ म्हणून मागा), फोनवर ॲप टाका, कूलंटचा आकडा डिग्रीत दिसतो. माझ्या गाडीत पळताना ८८ ते ९२, ट्रॅफिकमध्ये ९७-९८ ला पंखा सुरू, ९३ ला बंद, परत तेच. दिवसभर हा खेळ चालतो. १०५ च्या पुढे गेला तर मी कडेला घेणार.

आणि एक धोका, बऱ्याच जणांना माहीत नसतो. होज फुटून कूलंट पार वाहून गेलं तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत लटकतो, मग काटा कधीकधी चढण्याऐवजी खालीच येतो. ड्रायव्हर खूश, आणि तिकडे हेड वाकलेलं.

@सुरमई, तो निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे. तोच लाल झाला तर मात्र खरंच गॅस बंद करा.

अण्णा_गिरगाव

फोरमन साहेब, बिडाचं मान्य. पण आमची उकळली तरी घरी पोचवायची. आता एक दिवा लागला की टो करायला फोन.

फोरमन_काका

अण्णा, पोचवायची, हे मान्य. पण ॲल्युमिनियमचं हेड एकदा चांगलं तापलं की वाकतं, मग हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) उडतं, हेड काढून लेथवर फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, न्यावं लागतं. तो खर्च आणि दोन लिटर कूलंटचा खर्च तुम्हीच ताडून बघा. आणि त्या पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. नेमकं सिग्नलला, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो ढेपाळायचा. हल्लीचा पंखा विजेवर चालतो ही सुधारणाच आहे.

मी_गिरणगाववाली

पंख्यावरून आठवलं. आमच्या लालबागच्या चाळीसमोर गाडी उभी असते, तिथले उंदीर मांजरांना घाबरत नाहीत, मांजरंच त्यांना वाट देतात. एकदा गाडी परळच्या पुलावर तापली, मेकॅनिकने बॉनेट उघडून टॉर्च मारला तर पंख्याची वायर कुरतडलेली, वर बॅटरीच्या शेजारी अर्धी चपाती आणि कापसाचा बिछाना. म्हणजे राहायला आणि जेवायला दोन्ही सोय. त्यानंतर तमाखूची पुडी बांध, फिनाईल मार, लाल तिखट, सगळं करून झालं. शेवटी वायरवर जाळीचं नळकांडं चढवून घेतलं तेवढं टिकलंय.

चक्रम_चालक

तमाखू ठेवलीत म्हणजे जेवणानंतरचीही सोय केलीत की.

पार्ल्याचा_पंत

एक वेगळा मुद्दा. कूलंट घालायचं पटलं, पण त्यात मिसळायचं पाणी कोणतं? मी घरच्या एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत जमवतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत तेच, गाडीत तेच. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी आहे, म्हणजे डिस्टिल्डच झालं ना? पैसे कशाला घालवायचे?

टॉर्कवाला

पंत, क्षार नसतात हे खरं, पण एसीच्या कॉइलवरची धूळ, बुरशी, कॉइलचा धातू, सगळं धुऊन ते खाली येतं. तळाशी शेवाळं धरलेली बादली बघितलीय का कधी? पेट्रोल पंपावर बॅटरी वॉटरची बाटली किरकोळ पैशात मिळते, ते घ्या. (बॅटरीचं पाणी, बॅटरीचं ॲसिड नव्हे. लिहून ठेवलेलं बरं.)

पार्ल्याचा_पंत

मग नळाचं? पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांतून येतं, पावसाचंच साठवलेलं, चांगलं मऊ असतं. आमच्याकडे गिझरच्या कॉइलवर खडूसारखा थर कधी दिसला नाही.

फोरमन_काका

पंत, ते बरोबर आहे. नळाचं पाणी बोअरिंगपेक्षा कितीतरी बरं. अडीअडचणीला दोन तांबे घातलेत तर काही बिघडणार नाही. पण त्यात क्लोरीन असतं, ते ॲल्युमिनियमला चांगलं नाही. आणि हल्ली निम्म्या सोसायट्यांत टँकर नाहीतर बोअरिंगचं पाणी नळाच्याच पाण्यात मिसळून टाकीत चढवतात, त्याचा थर बाथरूमच्या टाइल्सवर दिसतो, तोच रेडिएटरच्या आत बसतो, फक्त तिथे दिसत नाही. गाडी धुणारा पोरगा ज्या पाण्याने गाडी धुतो त्याचे पांढरे डाग काचेवर राहत असतील तर ते पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, एवढी सोपी परीक्षा.

खोपोलीकर

इथे थर्मोस्टॅटच्या नावाने काका आणि मंडळी गप्प का? पहिला गॅरेजवाला बरोबर बोलतोय. माझ्या दोन टुरिस्ट गाड्या आहेत, दोन्हीचा वॉल काढून टाकलाय, एअरपोर्ट ते शिर्डी मारतो, कसारा घाट चढतो, एकदाही तापली नाही. थंड देशांसाठीचा पार्ट आहे तो.

टॉर्कवाला

दादा, ॲव्हरेज किती मिळतो? आणि गाड्या सीएनजीवर आहेत का?

खोपोलीकर

सीएनजी. ॲव्हरेज थोडा कमी झालाय, गाडी जुनी झाली म्हणून. सकाळी गॅसवर पडायला उशीर लावते, एवढंच.

टॉर्कवाला

झालं, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. इंजिनाचं काम ८५-९० डिग्रीच्या आसपास नीट चालतं. वॉल नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन वेळेत गरम होत नाही, पहाटेच्या मोकळ्या हायवेला तर होतच नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी थंड आहे, तो जास्त पेट्रोल मारतो, त्यातलं न जळलेलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, इंजिन लवकर झिजतं. आणि सीएनजी किट ठराविक तापमान आल्याशिवाय गॅसवर टाकतच नाही, म्हणून तुमची सकाळ पेट्रोलवर जाते. वॉल अडकला असेल तर काढायचा, पण जागी नवा घालायचा. रिकामी जागा ठेवायची नाही.

खोपोलीकर

पुस्तकी बोलणं आहे हे. गाडी तापून घाटात उभी राहिली तर पॅसेंजर मला शिव्या घालणार, ॲव्हरेजला नाही. मी राहतो खोपोलीत, दर शनिवारी बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या तुमच्या मुंबईच्या गाड्या बघतो. वॉल असलेल्या!

फोरमन_काका

खोपोलीकर, तुमचा अनुभव खोटा नाही, पण वॉल काढून तुम्ही दुसरा आजार झाकलाय असं मला वाटतं. दोन्ही गाड्यांच्या रेडिएटरची जाळी एकदा बघून घ्या. पटलं तर घ्या, नाहीतर राहिलं.

सीएनजीचा विषय निघालाच आहे तर विक्रोळीकरांसाठी एक. टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने भरतात, रिड्युसरमध्ये दाब एकदम उतरतो तेव्हा तो गोठण्याइतका थंड पडतो, म्हणून रिड्युसरला इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. बाहेरून किट बसवताना त्यासाठी हीटरच्या होजमध्ये टी-जॉइंट टाकतात. गळती शोधताना सगळे रेडिएटर बघतात आणि हा टी-जॉइंट कोणी बघत नाही, तिथली क्लिप सैल असते. आणि कूलंट बदललं की हवा बहुतेक याच भागात अडकते. डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल, किंवा इंजिन गरम असूनही हीटर लावल्यावर थंड हवा येत असेल तर एअर लॉक आहे समजा.

माऊताई

खोपोलीकर, ते बॉनेट उघडून उभे राहतात त्यांना नक्की काय करायचं असतं, ते पण लिहा ना. आमच्याकडे मागे एकदा दिराने तिथल्या तिथे झाकण उघडलं, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं होतं. अजून डाग आहे.

खोपोलीकर

ताई, तेच तर बघतो. गाडी थांबली की पहिला माणूस उतरतो आणि झाकणाला हात घालतो. आतलं पाणी शंभरच्या वर असतं, दाबामुळे उकळत नसतं, झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर. काही करू नका, नुसतं बॉनेट उघडा आणि लांब उभे रहा. अर्धा-पाऊण तास. वडापाव खा. वरचा जाड होज फडक्याने दाबून बघायचा, टणक लागला तर अजून दाब आहे. मऊ पडला की फडकं घालून झाकण थोडंसं फिरवायचं, फुस्स आवाज थांबू द्यायचा, मग पूर्ण काढायचं. आणि पाणी हळूहळू. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाण्याची बाटली ओतणारे पण बघितलेत, हेडला तडा जातो अशाने.

पार्ल्याचा_पंत

काटा चढला की इंजिन लगेच बंद करायचं की चालू ठेवायचं? यूट्यूबवर दोन्ही सांगतात.

टॉर्कवाला

दोन्ही बरोबर, वेळेवर अवलंबून आहे. नुसता काटा चढलाय, वाफ नाही, लाल दिवा नाही, तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल गरमवर, ब्लोअर चारवर. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये ओढतो. गाडी न्यूट्रलला ठेवून जरासा रेस दिला तर पंप जोरात पाणी फिरवतो. दोन-तीन मिनिटांत काटा उतरायला हवा. नाही उतरला, वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा खाली पाणी सांडताना दिसलं तर जिथे जागा मिळेल तिथे कडेला घेऊन ताबडतोब बंद. "पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ" करणाऱ्यांचीच हेडं लेथवर जातात.

सुरमई_फ्राय

मे महिन्यात, सायनच्या ट्रॅफिकमध्ये, काचा उघड्या आणि हीटर फुल्ल. इंजिन वाचेल हो, माझं काय!

चक्रम_चालक

तुम्हाला अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून ठेवू.

माऊताई

एक प्रेमळ विनंती करू का. जुनं कूलंट काढाल ते सोसायटीच्या गटारात किंवा जमिनीवर सोडू नका. चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या जातात, मांजराला तर अगदी चमचाभर पुरतं. आमच्या बिल्डिंगखालची एक मांजर अशीच गेली, गाडीखाली हिरवं डबकं साचलं होतं. गळत असेल तर खाली पुठ्ठा टाका, भरपूर पाण्याने धुऊन काढा, आणि गाडी दुरुस्त करा. जुनं कूलंट डब्यात भरून गॅरेजला द्या, ते जुन्या ऑइलबरोबर देतात.

पार्ल्याचा_पंत

हे माहीत नव्हतं ताई. बरं, हिरवं आणि गुलाबी यात फरक काय? दुकानदार म्हणतो कुठलंही घाला.

फोरमन_काका

रंग म्हणजे नुसता रंग. एका कंपनीचं हिरवं दुसऱ्या कंपनीच्या हिरव्यासारखं असेलच असं नाही. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन-तीन वर्षांत निकामी होतं, नवीन ऑरगॅनिक ॲसिडवालं पाचेक वर्षं जातं. दोन जातींची भेसळ झाली तर गंजरोधक रसायनं एकमेकांना मारतात, काही वेळा चिकट जेलीसारखा गाळ होतो. म्हणून मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तो डब्यावर शोधायचा. आधी काय घातलंय ते माहीतच नसेल तर सगळं काढून साध्या स्वच्छ पाण्याने आत-बाहेर धुऊन नवीन भरायचं. ॲसिड अजिबात नाही! ॲल्युमिनियमची नळी ॲसिडने साफ होते ती भोकासकट.

विक्रोळीकर

सगळ्यांचे आभार. काकांनी एसीबद्दल विचारलं ते वाचून मी दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं, सिग्नलला हवा खरंच कोमट होत होती आणि गाडी हलली की परत गार. मी ते उन्हाच्या नावावर ढकलत होतो.

मग पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून, एसी लावून, बॉनेट उघडून बघत बसलो. पंखा ढिम्म. एसीचा कॉम्प्रेसर टक करून लागतोय, पंखा मात्र फिरत नाहीये. बऱ्याच वेळाने काटा चढला तेव्हा एकदम धाडकन फुल्ल स्पीडला सुरू झाला. हे घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने पंख्याजवळचा एक बोटाएवढा तुकडा काढून दाखवला, सिरॅमिकच्या आत गुंडाळलेली तार, एका टोकाला जळून काळी पडून तुटलेली. पंख्याला दोन स्पीड असतात, हळू स्पीड या रेझिस्टरमधून जातो, तो तुटला की हळू स्पीड बंद, फक्त पार तापल्यावर जोराचा स्पीड लागतो. नवीन रेझिस्टर आणि मजुरी मिळून सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमधल्या होज पाईपांएवढेही पैसे झाले नाहीत. त्याच वेळी खालच्या जाळीत अडकलेली एक निळी कॅरीबॅग निघाली, ती वेगळीच.

कालपासून जेव्हीएलआरला काटा जागेवर आहे. आता सवडीने कूलंट बदलून घेणार. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे कूलंटचा दोष नव्हताच, मी काय म्हणत होतो?"

अण्णा_गिरगाव

वडिलांना माझा नमस्कार सांगा!!

टॉर्कवाला

मस्त. पण रेझिस्टर उगाच जळत नाही, पंख्याची मोटर जड फिरत असली की जास्त करंट ओढते आणि मग तो जातो. इंजिन थंड असताना, चावी काढून, पाती हाताने फिरवून बघा, सहज फिरून थोडं पुढे जायला हवीत. घरघर किंवा अडखळत असेल तर मोटरही बदलण्याची तयारी ठेवा. सर्व्हिस सेंटरवाले तेवढे चोर नसतीलही, एवढंच म्हणतो.

विक्रोळीकर

बघितलं. किंचित घरघर आहे. अरे देवा.

चक्रम_चालक

म्हणून मी ईव्ही घेतली. कूलंट नाही, रेडिएटर नाही, कटकट नाही.

टॉर्कवाला

कुठली घेतली? बहुतेकांची बॅटरी लिक्विड कूल्डच असते, बॉनेट उघडा, कूलंटची बाटली दिसेल. आणि ईव्हीत कूलंट कंपनीने सांगितलेलंच घालायचं, दुकानदाराने दिलं म्हणून कुठलंही नाही.

चक्रम_चालक

उघडलं. आहे. बाटली आहे. मी हा धागा वाचलाच नाही असं समजा.

मी_गिरणगाववाली

आता कामाचं सांगा कोणीतरी. गणपतीला गावी निघायचंय, राजापूरला. माणगाव-इंदापूरला तासन्‌तास उभं राहायचं नक्की आहे. कशेडीचा बोगदा झाला म्हणून घाट वाचतो, पण पुढचे चढउतार आहेतच. निघायच्या आधी गॅरेजवाल्याकडून काय काय बघून घेऊ?

फोरमन_काका

ताई, निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी बघा, म्हणजे काही निघालं तर वेळ मिळतो. सकाळी इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी खुणांच्या मध्ये आहे का बघा, आठ दिवसांनी परत बघा. कमी झाली असेल तर कुठेतरी जातंय. जमिनीवर ओल नाही, होजच्या जोडांवर पांढरे-हिरवे सुकलेले डाग नाहीत, वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून ओघळ नाही, तरीही कमी होतंय, तर ऑइलचं झाकण उघडून आत सायीसारखा पांढरट चिकटा दिसतो का बघा. मागे धुराड्यातून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर येत असेल तर हेड गॅसकेट. तसं असेल तर गाडी नेऊच नका, एसटीने जा.

वरचा मोठा होज सकाळी चपटा झालेला दिसला तर झाकण बदला, गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायचं त्याचं काम ते करत नाहीये. होज दाबून बघा, भेगा पडलेला किंवा पार मऊ झालेला बदला. पट्टा बघा. एसी लावून पंखा फिरतो का ते विक्रोळीकरांनी बघितलं तसं बघा. पुढच्या जाळीतली माती पाईपच्या साध्या धारेने धुऊन घ्या, जेटने नको, पाती दुमडतात. आणि पावसात माणगावला पाणी साचलं असेल आणि समोरचा घालतोय म्हणून तुम्ही घालू नका, फिरता पंखा पाण्यात बुडला की पात्यासकट मोडतो किंवा फ्यूज उडवतो, मग पुढच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते आणि लोक कूलंटला दोष देतात.

डिकीत एक लिटर तयार कूलंट, दोन लिटर पाणी, एक जाडसर फडकं, होजच्या दोन क्लिपा आणि स्क्रूड्रायव्हर.

मी_गिरणगाववाली

डिकीत मखर आहे काका. बरं, क्लिपा घेते. उंदराचं जाळीचं नळकांडं पण बघून घेते.